धारेचं दूध

सन दोन हजार एकोणीस. ऑगस्टात दूधगंगेला मोठा पूर आला ते साल. त्याआधीचा दोन हजार पाचचा पूर मारुतीच्या पायरीला लागून माघारी फिरला होता. या वेळी पाणी देवळात शिरलं, आमच्या गल्लीत आलं आणि गणपतरावांच्या गोठ्यात गव्हाणीच्याही वर चढलं.

गणपतराव माझे चुलत दीर. त्यांचं घर आणि माझं घर एका भिंतीचं. घरामागच्या परड्याच्या बाजूला भिंत कमरेएवढीच आहे. तिच्यावरून आम्ही चाळीस वर्षं विरजण, काडेपेटी आणि गाऱ्हाणी एकमेकींना देत आलो. एकमेकींना म्हणजे मी आणि त्यांची बायको शालूबाई, माझी धाकटी जाऊ. मी गावच्या शाळेत शिकवायची, म्हणून लहानथोर सगळे मला बाईच म्हणतात. शालूसुद्धा.

त्यांचा एकुलता मुलगा यशराज. शाळा सोडून तालमीत गेला, तालीम सोडून म्हशींकडे आला आणि तिथं रमला. चार म्हशी होत्या. त्यातली मोना सगळ्यांत दुधाळ आणि सगळ्यांत तिरसट. यशराज आणि शालू सोडून कुणाला कासेला हात लावू द्यायची नाही. यशराजची बायको क्रांती चंदगडकडची. नर्सिंगचं शिक्षण झालेली, कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीजवळ एका खाजगी दवाखान्यात नोकरीला. त्यांची मुलगी स्नेहल तेव्हा नुकती बोबडं बोलू लागली होती.

पुरात म्हशी शाळेच्या व्हरांड्यात बांधल्या होत्या. पाणी उतरलं तसा यशराज गोठा साफ करायला लागला. गुडघाभर चिखल, त्यात कुजलेली वैरण, कुठून कुठून वाहून आलेली चगाळ, मेलेले उंदीर. तो चड्डीवर, अनवाणी, खोऱ्यानं बुट्टी भरायचा आणि उकिरड्यावर नेऊन ओतायचा. एका सकाळी पत्र्याचा तुकडा पायाला लागला. त्यानं हळद दाबली, वर चिंधी बांधली आणि पुन्हा चिखलात उतरला.

क्रांती ड्युटीवर निघाली होती. स्कूटी उभी करून ती म्हणाली, "अवो, गमबूट आणलेत ते घाला की. उंदराच्या मुतातनं ताप येतोय. आमच्याकडं पेशंट यायला लागलेत."

"बूट घालून म्हशी राखायला मी काय साखर कारखान्याचा साहेब हाय?" यशराज म्हणाला.

"मी सांगितलं. पुढं तुमी बघा."

"बघतो. तू जा, तुझा साहेब वाट बघत असंल."

ती हसली आणि गेली. गमबूट सोप्यात खुंटीला टांगलेले होते. ते मला अजून दिसतात.

ताप आला तो एकदम हुडहुडी भरून. पोटऱ्या इतक्या दुखायला लागल्या की तो भिंत धरून उठायचा. डोळे तांबडे झाले. क्रांतीनं त्याच दिवशी रजा टाकून त्याला कागलला डॉक्टरांकडे नेलं. रक्त तपासायला दिलं आणि तोवर सुरू करायच्या म्हणून कॅप्सूल दिल्या. घरी आल्यावर क्रांतीनं सगळ्यांना सोप्यात बसवलं. मीही उंबऱ्यात होते.

"ही डॉक्सी हाय," पाकीट दाखवत ती म्हणाली. "सकाळी एक, सांजंला एक. बसून घ्यायची, आडवं पडून न्हाई. वर तांब्याभर पाणी प्यायचं. घेतल्यावर लगेच निजायचं न्हाई, न्हाईतर ती अन्ननळीत अडकून पोळती. उनात जायचं न्हाई. ताप गेला तरी मधीच बंद करायची न्हाई, पाकीट संपवायचं."

गणपतराव मान हलवत होते. शालू स्नेहलला मांडीवर घेऊन ऐकत होती.

"आणि आत्ती, गोळीबरोबर दूध द्यायचं न्हाई. दही, ताक बी न्हाई. पुढंमागं दोन तास सोडून द्या. दुधात गोळी बांधली जाती, अंगाला लागत न्हाई."

शालूनं स्नेहलला मांडीवरनं खाली ठेवलं. "दूध द्यायचं न्हाई?"

"गोळीबरोबर, आत्ती."

"इतका ताप, अंगात कड न्हाई, आणि निसत्या पाण्यावर उष्ण औषध? आतडी जळतील की गं त्येची."

"डॉक्टरनी बी हेच सांगितलंय."

"डॉक्टर कुठला, तुमच्या चंदगडचा काय?" शालू माझ्याकडे बघून म्हणाली. "भाताच्या पेजंवर वाढलेली माणसं. त्यास्नी दुधाचं काय ठावं बाई?"

क्रांतीनं ते ऐकून घेतलं. चंदगडचा टोमणा तिला लग्नाच्या पंगतीपासून सवयीचा होता. यशराज घोंगडीतून म्हणाला, "आई म्हणती दूध, बायको म्हणती पाणी. दोन्हीचा मिळून च्या करा आणि द्या मला."

सगळे हसले. शालू हसली नाही.

तिचंही मला कळत होतं. तिचा थोरला भाऊ लहानपणी मुदतीच्या तापानं अंथरुणाला खिळला होता. त्या काळात औषध म्हणजे कंपाउंडर सायकलवरून आणायचा ती खुणा केलेली बाटली. बाकी सगळी भिस्त दुधावर. भाऊ महिनाभर निव्वळ दुधावर राहिला आणि उठला. शालूची आई मरेपर्यंत सांगायची की माझं पोर म्हशीनं जगवलं. आमच्या पिढीला हे सांगून शिकवावं लागलं नाही. आजारी माणूस दिसला की हात आपोआप दुधाच्या चरवीकडे जायचा.

यापुढचं शालूनंच मला सांगितलं, पुष्कळ दिवसांनी.

क्रांतीची ड्युटी सकाळची. उजाडायच्या आत ती स्वयंपाक उरकून निघायची. सकाळची कॅप्सूल शालूच्या हातून. पहिल्या सकाळी शालूनं कॅप्सूल दिली, पाण्याचा तांब्याही दिला. पण यशराजला मळमळत होतं. त्यानं एक घोट घेतला, कॅप्सूल कशीतरी गिळली आणि तसाच कुशीवर कलंडला. थोड्या वेळानं छातीत निखारा ठेवल्यासारखं जळायला लागलं. मातीत लोळून उठणारा गडी, तो डोळ्यांतून पाणी काढून ओरडायला लागला.

"आई, आत पेटलंय गं!"

शालू शाळेतल्या म्हशींची धार काढून दारात येत होती. ती चरवी घेऊन तशीच पळत आली. फेस न विरलेलं दूध पेल्यात ओतलं आणि त्याच्या तोंडाला लावलं. त्यानं घटाघटा पिऊन पेला रिकामा केला. हळूहळू जळायचं थांबलं. त्याला डोळा लागला.

"माझ्या डोळ्यांदेखत आग विझली बाई," शालू मला म्हणाली. "मग मी कुणाचं ऐकू? डोळ्यांचं, का त्या पोरीचं?"

दुसऱ्या सकाळपासून कॅप्सूल आणि धारेचं दूध बरोबरच. मोनाचं दूध, कारण ते दाट. यशराज म्हणाला, "क्रांतीला सांगू नगं. उगच भांडाण." शालूनं सांगितलं नाही.

सांगितलं नाही ते क्रांतीला. बाकी गल्लीत, सून दूध बंद करायला निघाली होती, हे तिनं स्वतःच सांगितलं. त्याच संध्याकाळी क्रांती किटली घेऊन दूध संस्थेत गेली. मीही माझं अर्धा लिटर आणायला गेले होते. रांगेत पुढे तानाबाई होती, आमच्या गल्लीतली सगळ्यांत मोठ्या आवाजाची बाई.

"काय गं क्रांती, पैलवानाचं दूध तोडलंस म्हणं?"

बायका वळून बघायला लागल्या.

"तोडलं न्हाई मावशी. निसतं गोळीबरोबर नको. दोन तास सोडून चालतंय."

"दोन तास! म्हस काय घड्याळ बघून पान्हा सोडती?"

हशा पिकला. मापाडीसुद्धा हसला. तानाबाईला जोर आला. "नवऱ्याच्या वाटणीचं संस्थेला घालून सोन्याचं काय करतीयास काय? आमाला बी दाव की!"

क्रांती हसल्यासारखं करून पुढे झाली. किटली उचलून देताना दूध थोडं सांडलं, तिच्या पायावर. घरी परत येताना मी म्हणाले, "मनावर घेऊ नको."

"न्हाई बाई. ताप उतरला म्हंजे झालं," ती म्हणाली. थोडं पुढे गेल्यावर म्हणाली, "आत्ती माझ्यासमोर देत न्हाईत. माझ्यामागं देत असतील काय?"

मला ठाऊक नव्हतं. तसंच मी तिला सांगितलं.

पुरामागचे आजार वाढत होते. क्रांतीच्या दवाखान्यात खाटा पुरेनात, तिला डबल ड्युटी लागली आणि रात्री तिथंच राहावं लागायला लागलं. ती फोन करायची. भिंतीच्या अलीकडे मला यशराजचं बोलणं ऐकू यायचं.

"घेतली... व्हय, पाण्याबरोबर... तांब्याभर, व्हय की... न्हाय, निजलो न्हाय, बसलोय... तू जेवलीस काय?"

आता संध्याकाळची कॅप्सूलही शालूच्या हातून जात होती.

मधे एकदा ताप कमी झाला. यशराज अंगणात आला, ऊन पडलं होतं, गोठ्याची एक बाजू अजून चिखलातच होती. त्यानं खोरं उचललं. गणपतराव म्हणाले, "ऱ्हाऊ दे रे." तो म्हणाला, "आबा, म्हशी किती दिवस शाळंत शिकवायच्या? मास्तर व्हतील आता." दुपारपर्यंत तो उन्हात राबला. संध्याकाळी त्याचे हात आणि मान लालभडक, चटका बसल्यासारखी. शालूनं साय चोळली आणि पेला मोठा केला.

दुसऱ्या दिवशी ताप पुन्हा चढला. भाकरी नको, बोलणं नको. लघवीला होईना. शालूला वाटलं, घाम गेला म्हणून. क्रांतीला फोनवर यातलं काही सांगितलं गेलं नाही. तिला दवाखान्यात ताण आहे, उगाच घोर कशाला, असं तिघांनीही ठरवलं होतं.

ती आली ती भर दुपारी. स्कूटीवरून उतरून सरळ आत गेली आणि मला तिची हाक ऐकू आली. "बाई! लवकर या!"

मी गेले. तिनं यशराजची पापणी खाली ओढून धरली होती. डोळ्याचं पांढरं पिवळं झालं होतं.

"कावीळ झाली वाटतं," शालू म्हणाली. "झाडपाल्याचं औषध देणारा हाय की पलीकडच्या गावात..."

"आत्ती, गाडी बोलवा," क्रांती म्हणाली. तिचा आवाज वर गेला नाही, पण त्या स्वरात ती सासूशी पहिल्यांदाच बोलत होती.

गल्लीतल्या हंबीररावांनी जीप काढली. शालू मोठ्या दवाखान्याला घाबरायची, म्हणून मीही बसले. उचगावच्या पुढं वाहनांची गर्दी लागली. क्रांतीच्या मांडीवर डोकं ठेवून यशराज म्हणाला, "मोनाला आज कोण पिळणार?"

"मी पिळतो," क्रांती म्हणाली. घरात आल्यापासून तीही आमच्याकडच्या बायकांसारखं 'करतो, जातो' बोलायला लागली होती.

"लाथ घालंल तुला."

"घालू दे."

कोल्हापूरच्या दवाखान्यात त्याला लगेच आत घेतलं. सलाईन, नळ्या, रक्त. डॉक्टर तरुण होते, भले वाटले. त्यांनी विचारलं, "गोळ्या सुरू होत्या ना? नियमित घेतल्या? एखादी चुकली?"

क्रांती उत्तर देणार तोच शालू पुढे झाली. पदर नीट केला. इतका वेळ ती भिंतीशी अंग चोरून उभी होती. आता तिला सांगण्यासारखं काही सापडलं होतं.

"एक बी चुकली न्हाय डॉक्टर. माझ्या हातानं दिल्यात. दोन्ही वक्ताला, धारंच्या दुधासंगं. पेलाभर."

क्रांती यशराजच्या मनगटावर सलाईनची पट्टी बसवत होती. तिथल्या नर्सला गर्दी होती, म्हणून तिनं हात लावला होता. तिचा हात तिथंच थांबला. मग तिनं पट्टी दाबली. एकदा, पुन्हा एकदा. पट्टी केव्हाच चिकटली होती, तरी ती बोटानं दाबत राहिली.

शालू त्या बोटाकडे बघत होती.

बाहेर डॉक्टर क्रांतीला हळू म्हणाले, "दुधानं औषध कमी लागू पडतं, हे तुम्हाला माहीतच आहे सिस्टर. पण एवढ्यानंच झालं असं मी म्हणणार नाही. हा आजार काहींना असाच वाईट होतो. आणि यायला उशीर झाला."

"आत्तींना काही बोलू नका सर," क्रांती म्हणाली.

मूत्रपिंडांनी काम सोडलं होतं. मशीनवर रक्त शुद्ध केलं, मग श्वास लागला. शालू बाहेरच्या बाकावर बसून राहायची. कुणी चहा आणला तर कप हातात थंड व्हायचा. गणपतराव म्हशींसाठी गावात आणि लेकासाठी दवाखान्यात अशा फेऱ्या मारत होते, अंगाला शेणाचा वास तसाच. एकदा दारावरच्या माणसानं त्यांना अडवलं आणि म्हणाला, "आजोबा, हात-पाय धुऊन या, घाण वास येतोय." ते नळाखाली कोपरापर्यंत हात धूत राहिले.

यशराज गेला तेव्हा आत क्रांती एकटीच होती. बाहेर येऊन ती आधी सासऱ्यांच्या पायाशी बसली.

रक्षाविसर्जनाला गाव लोटलं. नदीकाठी अजून पुराचा गाळ होता. त्याच्या आवडीचं सगळं मांडलं: मटणाचा रस्सा, भाकरी, पेढे. कुणीतरी पितळी पेला भरून आणला. तानाबाई रडतच म्हणाली, "धारंच्या दुधावर लई जीव त्येचा. क्रांती, तूच ठेव गं."

पेला क्रांतीच्या हातात आला. ती उभीच राहिली. बायकांना वाटलं, दुःखानं. मी शालूकडे पाहिलं. ती तिच्या हाताकडे बघत होती, दवाखान्यात बघितलं होतं तशी. क्रांती वाकली आणि पेला राखेशेजारी टेकवला. एक थेंब सांडू दिला नाही.

त्यानंतर ती स्नेहलला घेऊन चंदगडला गेली. गावात कुणी म्हणालं आता कशाला परत येते, कुणी म्हणालं पोरीचा हिस्सा मागायला येईल. शालू भिंतीपाशी येऊन उभी राहायची आणि परत जायची. मोना कुणालाच पिळू देईना. शालूच्या हातालाही लाथा घालायला लागली.

दिवाळीच्या तोंडावर क्रांती आली. एसटीतून उतरली, एका हातात पिशवी, एका हातात स्नेहल. पिशवीत माहेरचे काजू होते, त्यातले ओंजळभर तिनं मला भिंतीवरून दिले. दुसऱ्या दिवशी पहाटे गोठ्यात तिचा आवाज ऐकू आला. ती मोनाशी बोलत होती. लाथ बसल्याचा आवाज आला, चरवी लवंडली, ती पुन्हा बसली.

मी परड्यात भांडी घासत होते. शालू गोठ्याच्या दारात आली.

"क्रांती."

"काय आत्ती?"

"खरं सांग. दुधानं गेला काय माझा?"

चरवीतली धार थांबली. मग धार पुन्हा सुरू झाली.

"न्हाई आत्ती. तापच वाईट हुता."

"माझ्या गळ्याची आन घे."

"तुमच्या गळ्याची आन."

शालू तिथंच दारात खाली बसली. क्रांतीनं धार पुरी केली, चरवी झाकली, आणि सासूला दंडाला धरून घरात नेलं.

या गोष्टीला आता वर्षं झाली. गणपतराव तीन वर्षांमागं गेले, झोपेत. त्यांच्या हयातीतच तीन म्हशी विकल्या, मोना तेवढी ठेवली. पुढे मोनाही म्हातारी होऊन गेली आणि गोठ्यात आता क्रांतीची स्कूटी असते. तानाबाई पुण्याला लेकाकडे असते, फोनवर अजून तशीच मोठ्यानं बोलते. हंबीररावांची जीप भंगारात गेली. स्नेहल शाळेत जाते आणि तिला दूध आवडत नाही. तिला कुणी आग्रह करत नाही.

क्रांती त्याच दवाखान्यात आहे, आता मोठी सिस्टर झाली. एकदा मला तिथं दाखवायला नेलं तेव्हा मी तिला पाहिलं. एका तरण्या पोराला घरी सोडत होते. कॅप्सूलचं पाकीट हातात घेऊन तिनं आधी विचारलं, "घरात धार कोण काढतंय?" पोराची बायको पुढे होती, आई मागे, दाराशी उभी. क्रांतीनं सुनेला बाजूला सरायला लावलं, त्या आईला खुर्चीवर बसवलं, स्वतः तिच्यासमोर उकिडवी बसली आणि सगळं तिलाच सांगितलं, पाण्यापासून. मग तिच्याकडून पुन्हा म्हणवून घेतलं.

गेल्या पावसाळ्यात शालूला ताप आला. तशाच कॅप्सूल मिळाल्या. क्रांती सकाळी ड्युटीवर गेली. थोड्या वेळानं मी भिंतीवरून डोकावले. शालू परड्यात पाटावर बसली होती, गोठ्याकडे तोंड करून. शेजारी कॅप्सूलचं पाकीट आणि रिकामा तांब्या. तापानं तिची मान लटपटत होती, डोळे मिटत होते, पण पाठ ताठ. मी स्वयंपाक करून पुन्हा आले तरी ती तशीच.

मी म्हटलं, "शालू, आडवी हो की गं जरा. कोण बघतंय?"

तिनं डोळे उघडले.

"न्हाय बाई," ती म्हणाली. "अजून बसाय पायजे."